बरणीचं झाकण फुगलंय? चव बघू नका, आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगते. यातलं काहीही दिसलं की बरणी बाजूला ठेवायची, तिच्यावर चिठ्ठी लावायची आणि घरातल्या सगळ्यांना सांगायचं की हिला हात लावू नका.

- झाकण मध्यभागी वर आलंय. दाबलं की टक् करून आत जातं, सोडलं की पुन्हा वर येतं.
- उघडताना फस्स आवाज झाला आणि तेल किंवा खार उसळून बाहेर आला.
- बरणी न हलवताही तेलातून बुडबुडे चढतायत, कडेने तेल ओघळतंय.
- खार गढूळ झालाय, फोडी लिबलिबीत झाल्यात, वर पांढरी साय किंवा बुरशी आहे.
- व्हॅक्यूम पॅक केलेली पिशवी टम्म फुगलीय.
- पत्र्याचा सीलबंद डबा फुगलाय, गंजलाय किंवा त्याच्या सांध्यावर पोचा आलाय.

या यादीत एक गोष्ट येऊ शकत नाही आणि तीच सगळ्यात घातक आहे. बरणी दिसायला स्वच्छ, वास खमंग, झाकण सपाट, आणि आत बॉट्युलिझमचं विष, म्हणजे अन्नात वाढलेल्या जंतूने सोडलेलं, स्नायू लुळे पाडणारं विष. त्या विषाला स्वतःचा रंग, वास किंवा चव नसते. म्हणून पुढच्या तपासण्यांत डोळ्यांवर आणि नाकावर मी फार थोडं सोपवलंय.

मी गिरगावात लोणची, चटण्या, मुरांबे करते आणि शिकवते. मे महिन्यात बरण्या भरल्या जातात, मृगाचा पाऊस सुरू झाला की फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "ताई, झाकण फुगलंय, पण वास छान येतोय. जरा जिभेवर ठेवून बघू का?" नाही. अजिबात नाही. हे विष इतकं जहाल आहे की चाखण्यापुरता कणही माणसाला अतिदक्षता विभागात पोहोचवू शकतो.

फुगण्याची दोन कारणं

पहिलं कारण साधं आहे. बरणीत ओला चमचा गेला किंवा फोडी नीट सुकवल्या नव्हत्या, त्यामुळे यीस्ट किंवा आंबवणारे जंतू वाढले आणि त्यांनी वायू सोडला. कैरी-लिंबाच्या लोणच्यात बहुतांशी हेच होतं. आपल्या आज्या बरणीच्या तोंडाला दादरा बांधायच्या, तेव्हा तो वायू कापडातून निघून जायचा. आज आपण घट्ट फिरकीचं झाकण लावतो, म्हणून तो झाकण उचलतो.

दुसरं कारण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम, वर सांगितलेलं विष बनवणारा. हा मातीतला जंतू. लसूण, आलं, बटाटा, गाजर, हळकुंड, जमिनीतून निघणाऱ्या कुठल्याही वस्तूबरोबर त्याचे बीजाणू (जंतूचं झोपलेलं, चिवट रूप) घरात येतात, आणि समुद्र-खाडीच्या गाळात असल्यामुळे मासळीबरोबरही येतात. एरवी आपण ते खातो आणि मोठ्या माणसाला काही होत नाही. धोका सुरू होतो तो बीजाणूला रुजायला जागा मिळाली की. ती जागा अशी: हवा नाही, आंबटपणा कमी, मीठ कमी, पाणी पुरेसं आणि ऊब भरपूर. मुंबईच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यातही पारा तिशीच्या आसपास असतो, म्हणजे ऊब आयतीच मिळते. तेलाखाली हवा नसते. उरले तीन: आंबटपणा, मीठ, पाणी. या तिन्हींपैकी किमान एक तरी आपल्या बाजूने पक्कं हवं. संपूर्ण तपास याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

पहिली तपासणी: बरणीत काय आहे ते आठवा

याला पैसा लागत नाही, आणि निम्म्याहून अधिक फोन इथेच मिटतात. पदार्थ मुळात आंबट आहे की नाही, एवढंच विचारा. आंबटपणा पीएच या आकड्यात मोजतात, आकडा जितका कमी तितकं आंबट. कैरीचा पीएच साधारण ३ च्या आसपास असतो, लिंबाचा २ च्या जरा वर, चिंचेचा ३ च्या खाली. पीएच ४.६ च्या खाली असेल तर हा जंतू वाढत नाही. आता दुसरी बाजू बघा. लसूण, हिरवी मिरची, गाजर, फ्लॉवर, मका, मशरूम, उकडलेले बटाटे, कोळंबी, मटण, सगळे ४.६ च्या वर. टोमॅटो सीमारेषेवर, कधी खाली तर कधी वर, त्यामुळे त्याला आंबट समजून चालायचं नाही.

माझ्याकडे येणारे खरे धोक्याचे प्रकार ठरलेले आहेत: पिझ्झा-पास्तासाठी तेलात बुडवून ओट्यावर ठेवलेला लसूण, कमी मिठाचं "हेल्दी" भाज्यांचं लोणचं, उकडून बाटलीत भरलेले मक्याचे दाणे, व्हिनेगर न घालता केलेलं कोळंबीचं लोणचं. या सगळ्यांत कैरीच्या लोणच्याची रीत जशीच्या तशी उचललेली असते. रीत तीच, तेलही तेवढंच, फक्त कैरी नाही. आणि सगळी राखण करत होती ती कैरीच.

तेलातल्या लसणाची गोष्ट काल्पनिक नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमुळे ३६ जणांना बॉट्युलिझम झाला. कारण निघालं सोयाबीन तेलातला चिरलेला लसूण, जो फ्रिजबाहेर ठेवला होता. त्यातल्या अनेकांचं निदान सुरुवातीला चुकलं. आपल्या देशातही हे घडलंय: १९९६ मध्ये गुजरातमध्ये निवासी शाळेतली मुलं टाइप ई (या विषाचा एक प्रकार) बॉट्युलिझमने आजारी पडली आणि शोध बेसनाच्या शेवेपर्यंत पोहोचला. त्या वेळी विष तयार करणारा जंतू बॉट्युलिनमचा भाऊबंद, क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम, होता.

इथला निकाल स्पष्ट आहे. कमी आंबट पदार्थ, तेलात किंवा घट्ट झाकणाखाली, फ्रिजबाहेर राहिलेला: पुढच्या तपासण्या करू नका. झाकण फुगलेलं असो वा नसो, तो फेकायचा. वडापावची लाल सुकी लसूण चटणी यात येत नाही, कारण ती कोरडी असते आणि पाणी नसलं की बीजाणू रुजत नाही. तिच्यात तेल किंवा पाणी घालून ओली केली की मात्र हिशोब बदलतो.

दुसरी तपासणी: किती दिवस, कुठे, कोणत्या थंडीत

"फ्रिजमध्येच होतं" हे उत्तर मी अर्धवट मानते. फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली हवा. खचाखच भरलेला, दिवसभर उघड-मीट होणारा फ्रिज बऱ्याचदा त्याहून गरम निघतो, आणि दरवाज्यातले कप्पे सगळ्यात गरम. एक साधा फ्रिजचा थर्मामीटर घ्या, पाण्याच्या ग्लासात उभा करून मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा.

तेलातला लसूण, हर्ब घातलेलं तेल, घरची तेलकट आलं-लसूण पेस्ट: फ्रिजमध्ये जास्तीत जास्त ४ दिवस. जास्त हवं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या पाडून फ्रीझरला. आज केलं, आठवडाभर ओट्यावर होतं आणि आठवल्यावर फ्रिजमध्ये गेलं, असं असेल तर थंडीने काही दुरुस्त होत नाही. विष आधी तयार झालेलं असेल तर ते फ्रिजमध्ये टिकून राहतं.

मासळीबद्दल वेगळं सांगावं लागेल. भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून सुरमई-पापलेट आणायचे, व्हॅक्यूम पॅक करायचे आणि मुलाकडे, लेकीकडे पाठवायचे, हे आता घरोघरी चालतं. मासळीत सापडणारा टाइप ई प्रकारचा जंतू हा ३ अंशांनासुद्धा हळूहळू वाढू शकतो, आणि व्हॅक्यूम पिशवीत हवा नसते. म्हणून व्हॅक्यूमची मासळी कायम गोठलेली हवी. वितळवायची वेळ आली की आधी पिशवी कापून उघडायची आणि मग फ्रिजमध्ये वितळू द्यायची. बंद पिशवी पाण्यात टाकून ओट्यावर दिवसभर सोडायची नाही. प्रवासात वितळून मऊ झालेली पिशवी पुन्हा गोठवून "वाचवू" नका.

तिसरी तपासणी: मीठ मोजा

स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पदार्थातल्या पाण्याच्या हिशोबात मीठ १० टक्क्यांच्या वर गेलं की हा जंतू थांबतो. एक किलो कैरीच्या फोडींना २०० ग्रॅम मीठ घातलं तर आपण त्या रेषेच्या बरेच पुढे असतो. जुन्या प्रमाणांत मीठ इतकं का, याचं उत्तर हेच. आता कोणी रक्तदाबासाठी म्हणून एक किलो गाजर-फ्लॉवरला ४० ग्रॅम मीठ घालतं. ते जेमतेम ४ टक्क्यांवर येतं आणि भाजी आंबटही नसते. मीठ कमी खायचं असेल तर लोणचं थोडं खा, किंवा ताजं करून फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. कपाटात ठेवायच्या लोणच्यातलं मीठ कमी करायचं नाही.

"मूठभर", "अंदाजाने" हे शब्द मी वर्गात चालू देत नाही. मूठ प्रत्येकीची वेगळी असते, आणि खडे मीठ व बारीक मीठ एकाच वाटीत वेगळ्या वजनाचं भरतं.

चौथी तपासणी: पीएच

पीएच पट्ट्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानांत मिळतात. १ ते १४ ची ढोबळ पट्टी घेऊ नका, ३ ते ६ च्या आसपासची बारीक फरक दाखवणारी मागा. बरणी भरल्यावर लगेच मोजू नका. आंबटपणा फोडीच्या गाभ्यापर्यंत जायला वेळ लागतो, त्यामुळे खार आंबट लागतो आणि लसणाची अख्खी पाकळी आतून तशीच असते. दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये मुरू द्या, तेल निथळून फोडी खाराबरोबर वाटा, मग पट्टी लावा.

इथे आपल्या मसाल्यांची अडचण येते. हळद आणि लाल तिखट पट्टीला स्वतःचा रंग चढवतात आणि आकडा वाचता येत नाही. उपाय दोन. मसाला घालण्याआधी, फक्त मीठ आणि आंबट लावून मुरलेल्या फोडींवर मोजा. किंवा डिजिटल पीएच मीटर घ्या. तो महाग असतो, त्याला बफरच्या (ठरावीक पीएचच्या) द्रावणात नीट लावून घ्यावं लागतं, पण रंगाचा त्याला फरक पडत नाही. पट्टी वापरत असाल तर ४.६ ही रेषा धरू नका, ४ किंवा त्याखाली आला तरच पुढे जा. पट्टीची चूक त्या फरकात सामावते.

एक लक्षात घ्या: ही तपासणी पुढच्या बरणीसाठी आहे. फुगलेली, संशयित बरणी उघडून, वाटून पीएच बघायचा नाही. आणि पीएच आज ३.८ आला म्हणून कायम तोच राहील असंही नाही. वर बुरशी धरली तर ती आम्ल खाते आणि तिच्याखालचा भाग हळूहळू कमी आंबट होत जातो. त्यामुळे "वरची बुरशी काढली, खालचं चांगलं आहे" हे मला मान्य नाही. बुरशी धरलेली बरणी जाते, मग ती रत्नागिरीहून आलेल्या कैरीची का असेना.

पाचवी तपासणी: बरणी आणि उकळणं

बरण्या उकळत्या पाण्यातून काढणं, उन्हात कडक वाळवणं, फोडणी पूर्ण गार करून ओतणं, फोडी तेलाच्या वर डोकावू न देणं, कोरडा चमचा: हे सगळं करा. याने यीस्ट, बुरशी आणि साधं फसफसणं थांबतं. पण बॉट्युलिनमचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीत तासन्‌तास तग धरतात. त्यांना मारायला १२१ अंश लागतात, म्हणजे दाबाखालची वाफ.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लँकेस्टरच्या एका चर्चमधल्या जेवणानंतर २९ जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. बटाट्याच्या सॅलडमधले बटाटे घरीच बाटलीबंद केले होते, नुसत्या उकळत्या पाण्यात.

यावर हमखास विचारलं जातं: मग कुकरमध्ये शिट्ट्या काढून मक्याच्या बाटल्या भरल्या तर? नका करू. घरच्या कुकरमध्ये बाटलीच्या मध्यभागी किती तापमान किती मिनिटं टिकलं हे कळायला मार्ग नसतो, आणि गॅस बंद केल्यावर तो फार लवकर थंड होतो. बाटलीबंद भाजी, डाळ, मटण, मासळी हे घरचं काम नाही. मका हवा असेल तर फ्रीझर आहे.

विषाचं मात्र उलट आहे. ते उष्णतेने नष्ट होतं. चांगली १० मिनिटं खळखळ उकळलं की निकामी होतं. हे वाचून कोणी संशयित बरणी उकळून खाऊ नये. उघडताना उडालेला थेंब, ढवळलेला चमचा, पुसलेलं फडकं, हे काही उकळलं जात नाही.

मधाबद्दल

हा बरणीचा बिघाड नाही, पण जंतू तोच, म्हणून इथेच सांगते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. बारशाला नको, गुटीतून नको, सोन्याच्या अंगठीने बोटभरही नको. मधात हे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ते रुजून तिथेच विष तयार करतात. मध उकळूनही ते मरत नाहीत. बाळाला बद्धकोष्ठ झालं, रडणं क्षीण झालं, दूध ओढेना, मान टाकायला लागलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि मध दिला असेल तर न लपवता सांगा. आजीला वाईट वाटेल म्हणून हे झाकून ठेवलेलं मी पाहिलंय. डॉक्टरांना पहिल्यांदा हेच कळायला हवं.

टाकायचं कसं

संशयित बरणी उघडू नका, सिंकमध्ये ओतू नका, कुत्र्या-मांजरांना घालू नका. हातमोजे घालून बरणीसकट दोन पिशव्यांत बांधा आणि वर ठळक लिहा: "विषारी, उघडू नये". आपल्या इमारतीचा कचरा हाताने वेगळा करणारी माणसं असतात, रिकामी काचेची बरणी कोणीतरी घरी नेतं. त्यांच्यासाठी ती चिठ्ठी आहे. सांडलं असेल तर एक भाग ब्लीचमध्ये पाच भाग पाणी मिसळून त्या जागेवर अर्धा तास राहू द्या, मग कागदाने पुसून तो कागदही त्याच पिशवीत टाका.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

विकण्यासाठी करत असाल तर चौथ्या तपासणीच्या पुढे घरच्या घरी जाऊ नका. एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी तर हवीच, पण नवा पदार्थ, कमी मिठाचं लोणचं, तेलातला लसूण, मासळीचं लोणचं बाजारात नेण्याआधी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पीएच आणि वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (जंतूंना वापरता येणारं पाणी) तपासून घ्या. कृती ठरवताना अन्न तंत्रज्ञाचा सल्ला घ्या. एका घाण्यात शंभर घरांचं जेवण असतं.

आणि कोणी आधीच खाल्लं असेल तर बरणी सोडा, माणसाकडे बघा. लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण काही तासांत किंवा आठवडा उलटल्यावरही दिसू शकतात. एकाचे दोन दिसणं, धूसर दिसणं, पापण्या उतरणं, तोंड कोरडं पडणं, जीभ जड होऊन बोलणं अडखळणं, घास न उतरणं. मग अशक्तपणा मानेतून हातांत, हातांतून पायांत उतरत जातो. ताप सहसा नसतो, माणूस शुद्धीत असतो, त्यामुळे घरचे "अ‍ॅसिडिटी असेल", "झोप झाली नाही" म्हणून थांबतात. पुढचा घाला श्वासाच्या स्नायूंवर असतो.

यातलं एकही लक्षण दिसलं तर फॅमिली डॉक्टरच्या संध्याकाळच्या वेळेची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट अशा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा जिथे आयसीयू आणि व्हेंटिलेटर आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर, कूपर यांपैकी जे जवळ असेल ते. तोंडाने पाणी, लिंबू सरबत, औषध काही देऊ नका, कारण गिळणं बिघडलं असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. प्रतिविष फक्त रुग्णालयातूनच दिलं जातं आणि ते आधी झालेला लकवा परतवत नाही, पुढचा थांबवतं. त्यामुळे तास महत्त्वाचे आहेत. हा आजार डॉक्टरांनाही क्वचित भेटतो, म्हणून दारातच "बॉट्युलिझमची शंका आहे" असे शब्द वापरा. काय खाल्लं, कधी खाल्लं, ते कसं केलं होतं हे सांगा. उरलेला पदार्थ बंद पिशवीत सोबत न्या, आणि त्याच बरणीतलं आणखी कोणी कोणी खाल्लंय त्यांची नावं लिहून द्या. त्यांनाही लगेच फोन करा, अजून काही होत नसलं तरी.